पाव तासाची माणसं

सासूबाई हॉस्पिटलमध्येच गेल्या. तिथूनच पुढचं सगळं उरकून आम्ही घरी आलो आणि नानांनी पहिलं काम काय केलं, तर फ्लॅटचं दार सताड उघडलं. आमच्या दाराला आपोआप बंद व्हायची स्प्रिंग आहे. नानांनी पायातला एक बूट काढला आणि दाराखाली अडकवला. मग जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढत आणली, दारासमोर ठेवली आणि जिन्याकडे तोंड करून बसले.

नाना म्हणजे माझे सासरे. जन्मभर बस स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची आणि कधी हाकलायची, हे त्यांच्या शिट्टीवर चालायचं. निवृत्त झाल्यावर आम्ही त्या दोघांना इकडे परदेशात आणलं, कारण नवऱ्याला वाटलं आईबाप जवळ असावेत. जवळ म्हणजे नेमकं किती जवळ, ते तेव्हा कुणी विचारलं नाही.

ते दारात कशाला बसलेत ते मी लगेच ओळखलं. आमच्याकडे घरात माणूस गेलं की दार लावत नाहीत आणि कुणाला बोलावतही नाहीत. बोलावणं लागतं लग्नाला. मरणाला माणसं आपली आपण येतात. न विचारता आत घुसतात, अंगाला अंग लावून बसतात. बायका बाईला कवटाळतात, पुरुष पुरुषाच्या खांद्यावर हात टाकतात, आणि तो हात पडला की आतापर्यंत दगडासारखा बसलेला माणूस फुटतो. मनसोक्त रडून घेतो. मग कुणीतरी शेजारीण ताट वाढून आणते आणि कुणीतरी वडीलधारा माणूस दमदाटी करून दोन घास गिळायला लावतो. तिथून पुढे जगणं सुरू होतं.

मी या प्रकाराची आरती ओवाळणार नाही. माझा बाप गेला तेव्हा मी हे जवळून बघितलंय. आलेल्यांतली निम्मी माणसं चहाला आलेली. एक मावशी माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडत होती आणि मध्येच नाक पुसून घर कुणाच्या नावावर आहे ते विचारत होती. एकाला हॉस्पिटलचं बिल किती झालं ते हवं होतं. खोलीत घामाचा वास, पाय ठेवायला जागा नाही. झाडू घेऊन सगळ्यांना हाकलावं असं मला वाटलं होतं. पण त्या गर्दीत माझी आई रडली आणि त्या गर्दीतच जेवली. मला ते आवडत नाही, पण ते तसंच घडलं.

तर नाना वाट बघत होते. आणि जेवत नव्हते. रुसवा नव्हता, हट्ट नव्हता. ताट पुढे ठेवलं की शांतपणे म्हणायचे, लोक येऊन जाऊ देत, मग बघू. साखरेच्या दुखण्याची गोळी मात्र इमानदारीत घ्यायचे, कारण ती सासूबाई द्यायच्या. गोळी पोटात आणि अन्न नाही. दुसऱ्या दिवशी खुर्चीवरून उठताना त्यांनी भिंत धरली. तिसऱ्या दिवशी भिंत सापडली नाही. मी वेळेवर पोचले म्हणून डोकं वाचलं. डॉक्टरला फोन केला तर तो म्हणाला, त्यांना खायला घाला. एवढी अक्कल मलाही होती.

आता जिन्याची गंमत ऐका. आमच्या जिन्यात रोज दहा-बारा माणसं वर-खाली करतात. दार उघडं, समोर एक म्हातारा बसलेला, डोळे लाल. येणारा प्रत्येक जण काय करायचा, तर नजर झटकन फिरवायचा. जणू त्याने चुकून कुणाला न्हाताना बघितलं. खालच्या मजल्यावर एक कुत्रेवाला राहतो. त्याचं कुत्रं तेवढं थांबलं. आत यायला निघालं, शेपूट हलवत. कुत्रेवाल्याने पट्टा ओढला, मान खाली घातली आणि माफी मागून निघून गेला. नाना म्हणाले, कुत्र्याला तेवढं कळलं.

त्याच संध्याकाळी कुणीतरी कार्ड ठेवून गेलं. दार सताड उघडं, दारात माणूस बसलेला, तो पाच मिनिटं बाथरूमला गेला तेवढ्यात कार्ड पायपुसण्यावर. म्हणजे कुणीतरी वरच्या पायरीवर दबा धरून बसलं होतं. कार्डावर पांढरी फुलं आणि आतमध्ये सुंदर अक्षरात लिहिलेलं, की या कठीण काळात आम्हाला तुमच्या खासगीपणाचा आदर आहे. खाली वरच्या मजल्यावरच्या बाईंची सही. मी ते नानांना आमच्या भाषेत सांगायला गेले आणि माझी जीभ अडली. याचा सरळ अर्थ असा होतो की आम्ही येणार नाही, आणि हे आम्ही तुमच्यावर उपकार म्हणून करतोय. मी म्हटलं, वरच्या बाईंनी आठवण काढलीय.

"मग आल्या का नाहीत?" नानांनी विचारलं.

नंतर इमारतीचा रखवालदार आला. तो तरी आला, म्हणून नाना अर्धवट उठले. त्याने बुटाकडे बोट दाखवलं. घरातली ऊब जिन्यात जाते, आगीचे नियम आहेत, दार बंद ठेवावं लागेल. फार सभ्यपणे बोलला. घरात माणूस गेलंय म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, तीनदा माफी मागितली, आणि मग म्हणाला, मग तर तुम्हाला दार बंदच बरं पडेल ना.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. एकोणिसाव्या वर्षी इकडे आला. त्याला मी म्हटलं, अरे तू पोरगा आहेस, तू तरी जवळ बस, धर त्यांना. तो गेला. खुर्चीशेजारी उभा राहिला. वडिलांच्या पाठीवर दोनदा थोपटलं, थप थप, आणि हात परत खिशात घातला. इथे असंच थोपटतात. लिफ्ट सुरू झाली की तो तिलाही असंच थोपटत असणार. आत आला आणि मला म्हणाला, त्यांना थोडं एकटं सोडायला हवं. मी म्हटलं, आणखी किती एकटं सोडणार? बायको मेलीय त्यांची. तो म्हणाला, माझी आई मेलीय, माझ्यावर ओरडू नकोस. ते बरोबर होतं. तो बाथरूमचं दार लावून आत बसला, पाण्याचा नळ सोडून. इथे राहून तो रडायचंसुद्धा परवानगी काढल्यासारखं शिकलाय.

मग उरले मी. आता कुणी म्हणेल, बाई, एवढी तोंडाची फटकळ आहेस, तूच का नाही धरलंस म्हाताऱ्याला? तर ऐका. आमच्याकडे सून सासऱ्याच्या अंगाला हात लावत नाही. चहाचा कपसुद्धा टेबलावर ठेवते, हातात देत नाही. ते पडले तेव्हा मी बगलेत हात घालून उचललं, तर सावरल्याबरोबर ते दोन पावलं लांब सरकले, आणि मीही सरकले. इथल्या लोकांना मी माणूसघाणे म्हणते खरी, पण अंतर आमच्यातही आहेच. आमचं अंतर घरात असतं, दाराबाहेरच्या लोकांनी येऊन ते भरायचं असतं. आणि इथे दाराबाहेर सगळे आदर करत उभे होते.

मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. मशीनमधून चादरी निघतात, त्यांच्या घड्या घालायला दोन बायका लागतात. माझी एक जोडीदारीण आहे. चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. झाडायची, ताणायची, मग एकमेकींकडे चालत यायचं, तिने तिची टोकं माझ्या हातात द्यायची. दिवसभरात शेकडो वेळा तिची बोटं माझ्या बोटांना लागतात. आम्ही वर्षानुवर्षं हे करतोय आणि तिला मुलं आहेत की नाहीत हे मला माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी मी कामावर गेले. घड्या घालता घालता तिला सांगितलं की सासूबाई गेल्या. ती म्हणाली, मला कळलंय, मुकादमाने सांगितलं. मग चादर हातात तशीच धरून म्हणाली, "माझे वडील गेल्या वर्षी गेले. मी दोन दिवसांनी परत आले, तेव्हा तू एक शब्द विचारला नाहीस. मला इतकं बरं वाटलं होतं. मी म्हटलं, ही चांगली बाई आहे."

मला ते माहीतच नव्हतं. मुकादमाने मला काही सांगितलं नव्हतं, आणि तिचा चेहरा रोजच्यासारखाच होता. माझ्या न कळण्याला तिने माझा चांगुलपणा समजलं होतं आणि तोच चांगुलपणा ती आता मला परत करत होती. मला हसावं की तिच्या थोबाडीत मारावी ते कळेना. मी चादर टोपलीत टाकली आणि सांगून टाकलं, की मला तुझा चांगुलपणा नको, तू घरी ये. माझा सासरा जेवत नाही. आमच्याकडे माणसं आल्याशिवाय जेवत नाहीत. ये आणि नुसती बस.

तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, हो, येईन. किती वाजता?

मी म्हटलं, केव्हाही. तर ती अस्वस्थ झाली. केव्हाही ही वेळ नसते. मग मी म्हटलं, रविवारी चारला. तिने विचारलं, किती वेळ बसायचं? सोबत काय आणायचं? त्यांच्याशी काय बोललेलं चालेल? बिचारी इतक्या मनापासून विचारत होती की मला तिचा रागही करता येईना.

एकदा लाज सोडली की सोडली. त्या संध्याकाळी मी जिना चढत दारं वाजवत गेले. आमच्या गावात हे कळलं असतं तर लोक तोंडावर थुंकले असते. मरणाचं आमंत्रण देत फिरणारी बाई. वरच्या मजल्यावर एक शिक्षिका राहते, ते कार्ड तिचंच होतं. तिला सांगितलं, रविवारी चारला माझी जोडीदारीण येतेय तेही सांगितलं, तर तिचे डोळे भरून आले. म्हणाली, आम्हाला वाटलं दार चुकून उघडं राहिलंय. चार दिवस! मग म्हणाली, तुम्ही काही काळजी करू नका, खालच्यांशी आणि रखवालदाराशी मी बोलते, आम्ही सगळे येऊ. मी तिचे हात धरले. तिने ते धरू दिले, थोडा वेळ.

नानांना मी काहीच बोलले नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, हे नाटक मला बघवणार नाही, आणि रविवारी जादा ड्यूटी घेऊन निघून गेला.

रविवारी नाना खुर्चीवर होतेच. आदल्या दिवशी मी जबरदस्तीने साखरपाणी पाजलं होतं, त्यावर चाललं होतं. चारला जिन्यात पावलं वाजली आणि आमच्या दाराशी थांबली. जोडीदारीण होती. काळा ड्रेस, केस बांधलेले, हातात फुलं. नाना ताडकन उठले. ज्या माणसाला भिंत धरून उठावं लागत होतं तो उठला, आणि मला म्हणाला, "आलं बघ कुणीतरी."

उघड्या दारात उभी राहून तिने विचारलं, आत येऊ का?

ती सोफ्याच्या टोकाला बसली, गुडघे जुळवून. नानांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. तिने गुडघे जरासे पलीकडे नेले. नाना बोलायला लागले आणि मी ते तिला तिच्या भाषेत सांगत गेले. त्यांनी पहिल्यांदा सासूबाईंना कुठे पाहिलं ते सांगितलं, चौथ्या फलाटावर, बस चुकली म्हणून रडत होत्या. कंट्रोलर साहेबाने पुढची गाडी थांबवून ठेवली आणि मग तीस वर्षं त्यावरून बोलणी खाल्ली, की तुम्ही आधीची का नाही थांबवलीत. जोडीदारीण हसली, खरं हसली. नानांची हनुवटी थरथरायला लागली. मी मनात म्हटलं, आता. आता फक्त हात टाक बाई, चादरीला लावतेस तेवढाच लाव.

तिने घड्याळ बघितलं आणि उठली. मी म्हटलं, बस अजून. तिला वाटलं मी उपचार म्हणून बोलतेय. म्हणाली, नाही नाही, तुम्हाला त्रास नको. फुलं टेबलावर ठेवली आणि गेली. नाना तिच्या पाठीकडे बघत राहिले, तोंड अर्धवट उघडं. त्यांचं वाक्य राहिलं होतं.

ती जिना उतरते न उतरते तोच वरून शिक्षिका आली. सोबत केक. ती नानांशी हळू आवाजात बोलली, एकेक शब्द सुटा सुटा, जणू नाना पहिलीत आहेत. नानांनी पुन्हा चौथ्या फलाटापासून सुरुवात केली. पण गाडी थांबवली तिथपर्यंत येतात तोवर ती उठली. दाराशी माझ्या कानात म्हणाली, आम्ही प्रत्येकाला पाव तास ठेवलाय, म्हणजे तुमच्या घरात गर्दी होणार नाही, त्यांना दडपण येणार नाही. बाईने वर्गाचे तास लावावेत तशी माणसं लावली होती. तिची चूक म्हणावी तर काय म्हणावी? तिने तिच्या परीने सगळ्यात मोठी काळजी घेतली होती. घरात गर्दी झाली तर म्हातारा वाचेल, हे तिला कुणी आणि कुठल्या शब्दांत सांगायचं?

मी म्हटलं, कुत्रेवाल्याला आणि रखवालदाराला एकदमच पाठवा. ती म्हणाली, नको, तो आता दारात आलाच आहे.

कुत्रेवाला आला, कुत्र्याशिवाय. उंच, लाजरा माणूस, कोट न काढता बसला. आता नानांनी गोष्ट सांगितली नाही. त्यांनी सरळ त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर कपाळ टेकवलं. कुत्रेवाल्याचा हात पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा पडून राहिला. त्याचे कान लाल झाले. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ते काय म्हणतायत?

मी म्हटलं, काही म्हणत नाहीयेत.

मग मी काय करू, असं त्याने विचारलं. खरंच विचारलं. तो वाईट नव्हता, त्याला माहीत नव्हतं. मी तोंड उघडलं आणि सांगू शकले नाही. त्यांच्या डोक्यावरून हात फिरव, हे असं सांगून करायचं म्हटलं की त्यात काय राहतं? तेवढ्यात नानांनी मान वर केली. माझी आणि त्याची भाषा त्यांना कळत नाही, पण जन्मभर प्रवाशांचे चेहरे बघितलेले. त्यांनी त्याचा हात त्याच्या गुडघ्यावर नीट ठेवून दिला, कुणाची तरी विसरलेली वस्तू परत द्यावी तसा. आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

कुत्रेवाला गेला आणि रखवालदार दारात उभा राहिला. टोपी हातात. तो आत यायच्या आधी नाना माझ्याकडे वळले. आवाज अगदी साधा होता, स्टँडवरून चौकशी केल्यासारखा.

"सूनबाई, एक सुटली की दुसरी लागतेय. वेळापत्रक तू लावलंस का?"

मी खोटं बोलू शकले असते. पण कंट्रोलरपुढे गाड्यांविषयी काय खोटं बोलणार. मी म्हटलं, वरच्या बाईंनी लावलं. बोलावलं मी.

"बोलावलंस," ते म्हणाले. एवढंच.

मग त्यांनी जे केलं ते बघून मला वाटलं की त्यांनी माझ्यावर ओरडावं, केक भिंतीवर फेकावा, काहीही करावं. ते उठले, रखवालदाराला बसायला सांगितलं, स्वतः समोर, चांगल्या अंतरावर बसले. तो जे बोलला त्याला मान डोलावली. पाव तास व्हायच्या आतच उठून हात पुढे केला, इथे करतात तसा, कोपर ताठ ठेवून. त्यांना इथले दोन-चार शब्द येतात, त्यातला आभाराचा शब्द वापरला. मग वाकून दाराखालचा बूट काढला, पायात घातला. स्प्रिंगने दार लावून घेतलं. जाताना रखवालदार मला म्हणाला, तुमचे सासरे किती धीराचे आहेत.

नाना टेबलाशी बसले आणि म्हणाले, वाढ.

मी वाढलं. भात, वरण, जे होतं ते. त्यांनी सगळं खाल्लं, ताट उचलून स्वतः धुतलं आणि सोफ्यावर येऊन बसले. मला जे हवं होतं ते झालं होतं. माणूस जेवला होता. आणि मला इतकं भरून आलं, इतका संताप आला, माझा, त्यांचा, या शहाण्या सभ्य लोकांचा, की मी जी रीत जन्मभर पाळली ती मोडली. त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हाडं लागली हाताला.

ते सरकले नाहीत. वळून माझ्याकडे बघितलं. टोमणा नव्हता, राग नव्हता. खरोखर विचारलं त्यांनी.

"आता तुझा नंबर का?"

मी हात काढून घेतला.

नवरा कामावरून आला, धुतलेलं ताट बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला. म्हणाला, बघ, मी म्हणत नव्हतो, वेळ दिला की माणूस सावरतो. त्याने वडिलांच्या पाठीवर थप थप केलं. नानांनी त्याच्या पाठीवर थप थप केलं.

तेव्हापासून नाना वेळेवर जेवतात. साखर ताब्यात आहे, डॉक्टर खूश आहे. ते रडले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. सासूबाईंचं नाव निघालं तर मान डोलावतात आणि खिडकीबाहेर बघतात. चौथ्या फलाटाची गोष्ट मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकली नाही. स्वयंपाकघरात यायचं असलं की आधी दाराच्या चौकटीवर टकटक करतात, स्वतःच्या मुलाच्या घरात, आणि मी मान वर करून या म्हणेपर्यंत बाहेर थांबतात. बागेत जातात, बाकाच्या टोकाला बसतात. वरची बाई मला भेटली की म्हणते, किती छान रुळलेत ते आता.

काल मी बाजाराच्या पिशव्या घेऊन जिना चढत होते. नाना वरून खाली येत होते. मला बघून ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले, पोट आत घेतलं, नजर झटकन दुसरीकडे वळवली आणि मला जायला वाट दिली. दोन माणसं सहज जातील एवढा रुंद जिना आहे तो. माझ्या तोंडून इथल्या भाषेतला माफीचा शब्द निघाला. त्यांनी त्याच भाषेत त्याला उत्तर दिलं आणि खाली उतरून गेले.